आधी भिंत, मग चित्र : फोंडा तालुक्यातल्या एका नाट्यमंडळाचं प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवस्थानच्या जत्रेला गावचेच लोक नाटक करतात. गोव्यात यात नवल काही नाही. कारखान्यातून सुटून आलेला पोरगा, शाळेतली टीचर, कुळागर म्हणजे नारळी-पोफळीची बाग सांभाळणारा गृहस्थ, बसचा कंडक्टर असे सगळे दिवाळीनंतर रात्री देवळाजवळच्या सभागृहात जमतात. आपसातलं बोलणं कोंकणीत, संवाद मराठीत. मास्टर दीनानाथ १९०० साली ज्या मंगेशीत जन्मले ती याच तालुक्यात आहे, आणि संगीत नाटकाची ओढ इथे अजून पुरती टिकून आहे. या मंडळाने त्या वर्षी ‘सौभद्र’ घ्यायचं ठरवलं.

कार्यवाहांची मागणी एवढीच होती : पोस्टर करा, मोबाइलवर पाठवायला काहीतरी करा, आणि आबांचा एक व्हिडिओ करा. आबा म्हणजे मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ नट. तरुणपणी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, पुढे दिग्दर्शन केलं, आता तालमीला खुर्ची टाकून बसतात.

हे काम शिकून करायला तिघं पुढे आली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण आणि प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या टीचर. मुलगी त्या तरुणाला दादा म्हणायची आणि टीचरना टीचरच, कारण ती त्यांच्याकडेच शिकलेली. साधनं म्हणजे दोन अँड्रॉइड फोन, एक बेताचा लॅपटॉप आणि कॉलरला लावायचा एक स्वस्त माइक. सॉफ्टवेअर सगळी मोफत : चित्रासाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडेसिटी, संकलनासाठी केडेनलाइव्ह. मूलभूत गोष्टी शिकवायला मला बोलावलं होतं.

डिजिटल माध्यमांच्या बहुतेक प्राथमिक वर्गांत पहिल्या दिवशी मेनू उघडतात : हे ब्रश, हे लेयर, ही टाइमलाइन. मला ती सुरुवात पटत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचं ते हे, की हे काम शेवटी कुठल्या भिंतीवर, कुठल्या पडद्यावर, किती अंतरावरून दिसणार. आकार, रंग, अक्षर, शटर, आवाजाची पातळी हे सगळं त्या उत्तरातून निघतं. म्हणून लॅपटॉप बंद ठेवून आम्ही सभागृहाच्या फळ्यावर जागा लिहिल्या. देवळाच्या सूचनाफलकावर ए-३ कागद. तिठ्यावर आठ फूट उंचीचा फ्लेक्स. व्हॉट्सअॅपवर फिरणारं चित्र. हातातल्या फोनवरचा उभा व्हिडिओ. आणि नाटक सुरू होण्याआधी मांडवातल्या पडद्यावर प्रोजेक्टरने दाखवायची आबांची छोटी फिल्म. एकाच कामाच्या पाच जागा झाल्या, आणि पुढे जी अडचण आली ती यांतल्या कुठल्यातरी जागेकडे बोट दाखवूनच सुटली.

अक्षरं

मागच्या वर्षीच्या पोस्टरची फाइल मंडळाकडे होती. मुलीने त्यातला मजकूर उचलून आपल्या फोनवर टाकला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा पसारा. डीटीपीच्या जुन्या मराठी फॉन्टांत अक्षराची ओळख साठवलेलीच नसते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट काढून घेतला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड ही अक्षरं साठवायची जगभर चालणारी पद्धत. तिच्यात देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. तिथे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, फॉन्ट कुठलाही असो. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांच्या जागा त्यात हमखास हलतात. नाटकाच्या पोस्टरचा जीव नावांत असतो. ‘कुर्टीकर’मधला रफार शेजारच्या अक्षरावर गेला तर त्या घरातलं माणूस ते वर्षभर विसरत नाही. तिघांनी सगळी नावं हाताने पुन्हा टाइप केली आणि ज्याचं त्याला वाचायला दिली.

टाइप करतानाच पुढचा प्रश्न आला. ‘पुजाऱ्यांच्या हस्ते’ लिहिलं की ‘पुजार्यांच्या’ उमटायचं. इथे साधा र चालत नाही. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो, मग य जोडला की मराठीतला आडवा अर्धा र मिळतो. फोनच्या कीबोर्डवर हा ऱ बहुधा र दाबून धरला की सापडतो. ही गोष्ट शाळेत कुणी शिकवत नाही आणि छापील मराठी रोज त्यावाचून अडते.

मग फॉन्ट. टीचरनी विचारलं की काही फॉन्टांत ल आणि श परके का वाटतात. बरोबर पाहिलं होतं त्यांनी. मराठी छपाईत रुळलेला ल आणि श हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. काही फॉन्टांत दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली तरच मराठी आकार उमटतो. काहींत मराठी आकार नसतोच. शीर्षकाला त्यांनी तिरो देवनागरी मराठी घेतला, कारण तो मराठी वळणांसाठीच केलेला आहे. नावांच्या यादीला मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, त्याच्या वेगवेगळ्या जाडी उपलब्ध असल्याने. दोन्ही मोफत आणि परवाना खुला.

दादाने शीर्षक भव्य दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजी पोस्टरांवर तसं करतात आणि ते शोभतंही. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. भव्यपणा हवा तर आकार वाढवायचा किंवा भोवतीची जागा मोकळी ठेवायची. ओळींतलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात; अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवल्यावर यादी वाचता येऊ लागली. जाड फॉन्ट लहान आकारात वापरला तर क्ष आणि ह्म यांच्या पोकळ्या भरून जातात, हे त्यांना ए-३चा नमुना छापून हातात घेतल्यावरच दिसलं. पडद्यावर मोठं करून पाहत राहिलं की हे कळत नाही.

फोटोची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकवणारी वाटते. जुन्या प्रयोगातला आबांचा एक उभा फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला होता, लांब बाजू १६०० पिक्सेलची. ए-३ कागद ४२० मिलिमीटर उंच, म्हणजे साडेसोळा इंच. इंचाला जेमतेम ९७ पिक्सेल मिळतात आणि छापखाना ३०० मागतो. त्या हिशेबाने पूर्ण ए-३ला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल हवेत. मुलगी म्हणाली, मग फ्लेक्सवर तर हा फोटो पारच फाटेल. गणित उलटं निघालं. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. हातभर अंतरावर, दीड फुटावर, त्याला इंचाला सुमारे १९० ठिपके लागतात. वीस फुटांवरून चौदा पुरतात. आठ फुटांच्या फ्लेक्सवर हाच फोटो इंचाला सोळा-सतरा पिक्सेल देतो. तिठ्यावर, रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला तो चालतो आणि देवळाच्या फलकावर नाकासमोर धरून वाचणाऱ्याला चालत नाही. शेवटी फ्लेक्सवर जुना फोटो गेला आणि ए-३साठी आबांचा नवा फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचली.

रंगांचा प्रश्न टीचरनी सोडवला, आणि फार सुंदर सोडवला. पहिल्या मसुद्यात पाच-सहा झगझगीत रंग होते. फोनचा पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, छापखाना चार शाया एकावर एक टाकतो. पडद्यावरचा पेटता केशरी कागदावर मंद होतोच. टीचर म्हणाल्या, आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम बघा. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडायचा आणि खालचा पांढरा मोकळा करायचा. दोनच रंग, आणि दुरूनही स्वच्छ दिसतं. त्यांनी नक्षी उचलली नाही, फक्त ती शिस्त उचलली : गडद तांबडा आणि पांढरा. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी उजळपणात किमान ४.५ पट तफावत मागितलेली आहे. पहिल्या मसुद्यात पांढऱ्यावर पिवळी ओळ होती, तिची तफावत एकाला जेमतेम लागून. तांबड्याची पांढऱ्यावर दहापट भरली. मग पोस्टर फोनवर उघडून, प्रकाश अर्ध्यावर ठेवून, सभागृहाबाहेर भर उन्हात धरलं. तारीख वाचता आली.

छापखान्याला फाइल देताना अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करून पीडीएफ दिली, म्हणजे तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. ज्यात मजकूर बदलता येतो ती मूळ प्रत वेगळी ठेवली.

पट्टे, कापणी आणि आवाज

तालमीचं पहिलं चित्रण पाहताना सगळ्यांचे चेहरे पडले. नटांच्या अंगावरून काळसर आडवे पट्टे सरकत होते. सभागृहात ट्यूबलाइट. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते दिसत नाही. फोनचा सेन्सर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतो, आणि शटरचा वेळ, म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळ प्रकाश घेते ते, आपोआप कुठलाही ठरला की काही ओळींना उजळ क्षण मिळतो, काहींना मंद. शटर १/५० सेकंदावर बांधलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला बरोबर दोन झळाळ्या येतात, १/१००वर एक, पट्टे जातात. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे बांधायची सोय नव्हती म्हणून मोफत मिळणारं वेगळं कॅमेरा अॅप घेतलं. सेकंदाला २५ चौकटी, शटर १/५०, पांढऱ्या रंगाचा तोल (व्हाइट बॅलन्स) आणि फोकस कुलूपबंद. एका कोपऱ्यात मंद करता येणारा एलईडी दिवा होता, त्याची लुकलुक या हिशेबात बसत नव्हती. तो बंद केला.

फळ्यावरच्या यादीने दुसरा निर्णय इथे घेतला. फिल्म पडद्यावर आडवी दिसणार आणि तिचाच तुकडा फोनवर उभा. १९२० गुणिले १०८०च्या आडव्या चित्रातून उभा भाग कापला तर रुंदी ६०८ पिक्सेलच उरते. म्हणून ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६०. त्यातून उभा कापला तरी १२१५ मिळतात आणि फोनला लागतात १०८०. पण कापायचं तर माणूस चौकटीत कुठे बसवायचा हेही आधीच ठरवावं लागतं. दादाने फोनच्या पडद्यावर चिकटपट्टीचे दोन उभे पट्टे लावले आणि आबांचा चेहरा, हात दोन्ही त्यांच्या आत ठेवले. ४केचा भार मोठा : सेकंदाला ५० मेगाबिटच्या वेगाने मिनिटाला ३७५ मेगाबाइट. चाळीस मिनिटांत पंधरा गिगाबाइट. म्हणून बसण्याआधी फोन रिकामा करणं आणि संपल्यावर लगेच दोन वेगळ्या डिस्कवर उतरवणं हा नेम झाला. तिसरी प्रत इंटरनेटवर.

आवाजाबाबत मी हट्टी आहे. अंधूक चित्र लोक सोसतात, न कळणारं बोलणं सोसत नाहीत. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत थेट आवाज तसाच उतरतो, फक्त घुमणारा आवाज भोवती तसाच राहतो आणि बोलणं त्यात बुडतं. यावर एकच उपाय, माइक तोंडाजवळ. कॉलरचा माइक दुसऱ्या फोनला जोडून तो फोन विमान-स्थितीत आबांच्या खिशात. पंखे बंद. पातळी अशी की मोठ्यांदा बोलले तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा, कारण शून्यावर आपटून तुटलेला आवाज परत मिळत नाही. सुरुवातीला एक टाळी, दोन्ही फोनांचं जुळवून घ्यायला. शेवटी अर्धा मिनिट कुणीही बोलायचं नाही, नुसती खोली ध्वनिमुद्रित करायची. संकलनात दोन वाक्यांमधली फट तीच भरून काढते.

टाळी जुळली तरी दहा मिनिटांनंतर ओठ आणि शब्द सुटे झाले. फोन चौकटींचा वेग बदलता ठेवतात, प्रकाश किंवा गरमीप्रमाणे २५च्या मागेपुढे होतात. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून चित्रण स्थिर वेगाचं करून घेतलं आणि मग संकलनात आणलं.

मुलाखत मुलीने घेतली. कॅमेऱ्याकडे बघा असं सांगितल्यावर आबा भाषण करू लागले. मग ती भिंगाच्या अगदी शेजारी बसली, कोंकणीत गप्पा मारू लागली, आणि एकच विनंती केली : आबा, माझा प्रश्न ऐकू येणार नाही, तर उत्तरात तो घेऊन बोला. आबा कोंकणीत सांगत, मध्येच नाटकातलं वाक्य आलं की सरळ मराठीत शिरत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तालमी व्हायच्या, नऊवारीचा पदर डाव्या हाताने कसा धरायचा ते मावशीने शिकवलं, पहिल्या प्रवेशाला पायाला घाम सुटायचा. बोलताना त्यांचा हात नसलेला पदर सावरत होता. तो हात चौकटीत होता, कारण चिकटपट्टीने तो तिथे ठेवला होता.

चाळीस मिनिटांतून अडीच मिनिटं काढायची तर आधी कागद. तिघांनी सगळं बोलणं उतरवून काढलं, कात्रीने कापलं, जमिनीवर मांडलं. हे केल्यावर केडेनलाइव्हमध्ये काम एका संध्याकाळी झालं. सांधा वाक्याच्या शेवटी न ठेवता श्वासाच्या जागी ठेवला, आणि पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या किंचित आधी आणला. तालमीतला ऑर्गन आबांच्या शेवटच्या शब्दाखाली सुरू होतो आणि मग सभागृह दिसतं.

संगीताचा हक्क

पार्श्वसंगीताला दादाने एका जुन्या ध्वनिमुद्रिकेतलं नाट्यपद लावलं होतं. चाचणीसाठी व्हिडिओ चढवताच हक्काची सूचना आली. नाटक इतकं जुनं, मग हक्क कुणाचा, असा त्याचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ सालचं, ते स्वतः १८८५ साली गेले. आपल्याकडे १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची रचना सर्वांची होते; म्हणजे पदांचे शब्द कधीच मोकळे झालेले आहेत. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. पद गायला मोकळं, ती मुद्रिका वापरायला नाही. उपाय तालमीतच बसला होता. मंडळाच्या ऑर्गनवादकांनी आणि सुभद्रेचं काम करणाऱ्या नटीने तेच पद गाऊन दिलं. कायदा सादर करणाऱ्यालाही हक्क देतो, म्हणून त्या दोघांची, आबांची आणि चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक नटाची लेखी संमती घेतली. लहान मुलांसाठी पालकांची. गावात सगळे ओळखीचे असताना कागद कशाला, असं एकजण म्हणाले. ओळखीत बिनसतं तेव्हाच कागद लागतो, हे टीचरनी त्यांना शांतपणे समजावलं.

मांडवात

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पडदा लावून चाचणी घेतली आणि लॅपटॉपवर उत्तम दिसणारी फिल्म तिथे निम्मी नाहीशी झाली. मांडवात बाहेरचे दिवे झिरपतात. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, त्याचा काळा म्हणजे पडद्यावर आधीच पडलेला उजेड. तालमीची अंधारी दृश्यं पुसली गेली. मांडवासाठीची प्रत उजळ केली, दोन दृश्यं काढूनच टाकली. मराठी उपशीर्षकं तळाला होती आणि पुढच्या रांगेतल्या डोक्यांमागे जाणार होती, ती वरच्या भागात नेली. फोनच्या उभ्या प्रतीतही तळाची जागा अॅपची बटणं खातात, तिथेही ती वर घेतली. मांडवाचे भोंगे एकच वाहिनी वाजवतात आणि खालचे सूर घुमवतात, म्हणून त्या प्रतीचा आवाज मोनो केला आणि १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग उतरवला. आबांचा शब्द न् शब्द मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

एक काम राहून गेलं. मंडळाच्या समाजमाध्यमांवरच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे असावा यावर एकमत झालं नाही आणि तो अजून कार्यवाहांच्या वैयक्तिक फोनवरच आहे. मूळ फाइली मात्र वर्ष आधी, मग नाटक, मग जागा अशा नावांनी मंडळाच्या डिस्कवर लावून ठेवल्या आहेत, आणि पुढच्या नाटकाला पोस्टरचा सांगाडा तयार आहे.

जत्रा झाल्यावर आबांनी घरातून जुन्या कॅसेटी काढून आणल्या. मंडळाच्या नांद्या, पदं, एका प्रयोगाचा अख्खा अंक. आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, म्हणून कुठलीही कॅसेट आधी उजेडात धरून तपासायची. पांढरी धूळ दिसली तर ती वाजवायची नाही, जाणकाराकडे न्यायची. बाकीच्यांच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे टवके तिघांनी मोडून टाकले, म्हणजे चुकून वर ध्वनिमुद्रण होणार नाही. ऑडेसिटीत ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. साठ मिनिटांच्या एका कॅसेटीला साधारण एक गिगाबाइट. मुलगी दर रविवारी एक कॅसेट घेते, आणि आबा शेजारी बसून कोण गातंय ते तिला लिहून घ्यायला सांगतात.